डाउन पेमेंटसाठी पीपीएफला हात लावावा का? लावायचाच तर कधी आणि किती

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. पुण्यात बांधकाम चालू असलेला ७२ लाखांचा फ्लॅट पसंत पडलाय. नवरा-बायको दोघंही खासगी नोकरीत आहेत. नवऱ्याचं पीपीएफ (सरकारची दीर्घ मुदतीची बचत योजना) खातं जुलै २०१५ मधलं, त्यात दरवर्षी १ लाख भरलेत आणि आज १६ लाखांच्या आसपास शिल्लक आहे. एफडी ८ लाखांची, ईपीएफ (पगारातून कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी) ९ लाखांचा. बँक ८० टक्के कर्ज द्यायला तयार आहे. हिशेब असा, की १४ लाख ४० हजार आपले लागणार. पीपीएफमधून निम्मे काढता येतात म्हणजे ८ लाख, आणि एफडीचे ८. करार मार्च २०२६ मध्ये उरकायचाय. पण वडील म्हणतात, करमुक्त पैशाला हात लावू नकोस. शेवटी आणखी एक प्रश्न: बायकोच्या २०२१ मध्ये उघडलेल्या पीपीएफमधून काही मिळेल का?

गेली बरीच वर्षं मी पगारदार लोकांची गृहकर्जं आणि त्यांच्या बचतीचे हिशेब बघते. त्या अनुभवावरून सांगते, वडिलांचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं यांत खरं तर भांडण नाही. अडचण वेगळीच आहे. तुमच्या हिशेबातले दोन्ही आकडे चुकलेत. लागणारी रक्कम कमी धरली आहे, आणि मार्चमध्ये पीपीएफमधून मिळणारी रक्कम जास्त धरली आहे.

लागणाऱ्या रकमेपासून सुरुवात करू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. तुमचं कर्ज मधल्या गटात बसतं, म्हणून १४ लाख ४० हजार हे तुमचं मार्जिन, म्हणजे किमतीतला तुम्ही स्वतः घालायचा वाटा. इथवर बरोबर. पण तुमच्या किमतीच्या घराला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ‘घराची किंमत’ म्हणून धरत नाहीत. ते पूर्ण तुमच्या खिशातून जातं. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के होतात, म्हणजे ५ लाख ४ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. बांधकाम चालू आहे आणि किंमत ४५ लाखांच्या वर आहे, म्हणून ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ६० हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं घर असतं तर हा जीएसटी लागला नसता. काही बँका जीएसटी धरून कर्जाची रक्कम ठरवतात, तेव्हा मंजुरीपत्र हातात आलं की ते वाचून घ्या. मी तो तुमच्याच खिशातून जाणार असं धरते.

बेरीज झाली २३ लाख ३४ हजार. तुम्ही १४ लाख ४० हजार धरून बसला होतात. शिवाय सोसायटीचं अनामत, वकिलाची फी, पार्किंग, घरात करून घ्यायचं फर्निचर हे सगळं अजून यात नाही.

आता पीपीएफ. ‘निम्मे काढता येतात’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे, पण निम्मे कशाचे, हे पासबुक उघडल्याशिवाय कळत नाही. नियम असा आहे: खातं उघडलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं झाली, की वर्षातून एकदा अंशतः रक्कम काढता येते. मर्यादा किती? ज्या वर्षी काढताय त्याच्या मागच्या चौथ्या वर्षाच्या अखेरची शिल्लक घ्या, आणि लगतच्या मागच्या वर्षाच्या अखेरची शिल्लक घ्या. दोन्हींत जी कमी, तिचे ५० टक्के. आजच्या शिल्लकीचा यात काही संबंध नाही.

तुमच्या बाबतीत २०२५-२६ मध्ये काढायचं, तर मागचं चौथं वर्ष २०२१-२२. वर्षाला १ लाख आणि तेव्हाचे व्याजदर धरले, तर ३१ मार्च २०२२ ला तुमच्या खात्यात साधारण ९ लाख ४४ हजार असणार. ३१ मार्च २०२५ ला साधारण १५ लाख. कमी कोणती? ९ लाख ४४ हजार. तिचे निम्मे ४ लाख ७२ हजार. म्हणजे मार्चमध्ये तुम्हाला ८ लाख नाही, पावणेपाच लाखांच्या आत मिळतील. पासबुकातल्या त्या दोन ३१ मार्चच्या नोंदी शोधा आणि माझा आकडा तपासून घ्या. थोडाफार फरक पडेल, कारण तुम्ही महिन्याच्या ५ तारखेआधी भरलंत की नंतर यावर व्याज हलतं.

मात्र ‘वर्षातून एकदा’ म्हणजे आर्थिक वर्षातून एकदा. ३१ मार्च आणि १ एप्रिल या दोन तारखांमध्ये एक रात्र असते, पण पीपीएफच्या दृष्टीने ती दोन वेगळी वर्षं. मार्चमध्ये एकदा काढलं आणि एप्रिलमध्ये पुन्हा काढलं, तर नियमात पूर्ण बसतं. एप्रिल २०२६ मध्ये मागचं चौथं वर्ष होईल २०२२-२३. तुमची ३१ मार्च २०२३ ची शिल्लक साधारण ११ लाख १८ हजार असणार. मार्चमध्ये पैसे काढूनही ३१ मार्च २०२६ ला वर्षाचं व्याज जमा होऊन खात्यात १२ लाख ४० हजारांच्या आसपास राहतील. त्यामुळे कमी आकडा ११ लाख १८ हजारच राहतो आणि त्याचे निम्मे होतात ५ लाख ५९ हजार. दोन वेळचे मिळून १० लाख ३१ हजार. म्हणजे तुम्ही ८ लाख म्हणत होता त्याहून जास्त, फक्त एका वेळी नाही.

एवढ्यासाठीच मी तुम्हाला करार एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ढकला असं सुचवेन. बिल्डरला घाई असेल, मार्चअखेर त्यांनाही विक्रीचे आकडे दाखवायचे असतात. पण रेरा कायद्याच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊच शकत नाही. त्यामुळे मार्चमध्ये फार तर ७ लाख २० हजारांपर्यंत बुकिंगची रक्कम देऊन फ्लॅट राखता येतो, आणि मोठा भरणा एप्रिलमध्ये करता येतो. मी तर पूर्ण १० टक्केही देऊ नका म्हणेन. जितकी कमी देऊन पावती मिळेल तितकी बरी.

एप्रिलवर ढकलण्यात एक खोच आहे. महाराष्ट्रात रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने भागानुसार ठरवलेले मालमत्तेचे दर बहुतेक वेळा १ एप्रिलला बदलतात, आणि मुद्रांक शुल्क कराराची किंमत व रेडी रेकनरची किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. नव्या प्रकल्पात कराराची किंमत सहसा रेकनरच्या वर असते, तेव्हा तुम्हाला फरक पडण्याची शक्यता कमी. तुमच्या भागात दोन्ही किमती जवळजवळ असतील, तर मुद्रांक शुल्क भरून करारावर सह्या मार्चमध्येच करा. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करता येते. त्यासाठी लागणारे ५ लाख एफडीतून येतील. बुकिंगची रक्कम पीपीएफच्या पहिल्या हप्त्यातून जाईल.

आता मूळ वादाकडे येऊ: करमुक्त पैसा हलवावा का?

वडिलांच्या म्हणण्यात दम आहे, पण लोक सांगतात त्या कारणासाठी नाही. ‘पीपीएफवर कर नाही’ हे खरं. भरताना जुन्या करप्रणालीत आयकराच्या ८०सी कलमाची वजावट, व्याज करमुक्त, काढताना कर नाही. नव्या करप्रणालीत भरतानाची वजावट गेली, बाकी दोन्ही तशाच आहेत. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय आणि कलमांचे क्रमांक बदलतायत, मी आपली सवयीने ८०सीच म्हणते.) काढलेली रक्कम उत्पन्नात धरायची नाही, तेव्हा कर भरावा लागेल ही भीती काढून टाका. खरी गोष्ट वेगळीच आहे. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापेक्षा जास्त भरता येत नाही, आणि काढलेली रक्कम परत भरायची म्हटलं तरी ती त्याच दीड लाखात मोजली जाते. तुम्ही आता १० लाख काढलेत आणि दोन वर्षांनी कुठून तरी १० लाख हातात आले, तरी ते एकदम परत ठेवता येणार नाहीत. तुम्ही वर्षाला १ लाख भरता, म्हणजे तुमच्याकडे वर्षाला ५० हजारांचीच मोकळी जागा आहे. ते १० लाख पूर्ववत करायला या वेगाने वीस वर्षं लागतील. बहुतेक दुसऱ्या बचतीत हा प्रकार नाही. एफडी मोडली तर उद्या नवी करता येते. म्हणून पीपीएफचा पैसा एफडीच्या नंतर काढायचा, आधी नाही, आणि गरजेपेक्षा एक रुपयाही जास्त नाही.

त्यापुढचा मुद्दा व्याजाच्या तुलनेचा. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. समजा कर्ज साडेसात टक्क्यांनी मिळालं. पीपीएफमधून काढून कर्ज कमी केलं, तर कागदावर ०.४ टक्के वाचतात. नवीन करप्रणालीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर वजावट नाहीच. जुन्या प्रणालीत ती दरडोई २ लाखांपर्यंत आहे, आणि ५७ लाख ६० हजारांच्या कर्जावर पूर्ण वाटप झाल्यावर पहिल्याच वर्षी सव्वाचार लाखांच्या वर व्याज जाईल. तुमच्या दोघांची मिळून ४ लाखांची मर्यादाही त्यात भरून जाते. तेव्हा मर्यादेपलीकडच्या कर्जाला कराचा टेकू नाही. म्हणजे व्याजाच्या हिशेबाने काढणं आणि न काढणं जवळपास सारखंच. दर थोडे इकडेतिकडे झाले की पारडं फिरतं. यावरून निर्णय घेऊ नका.

निर्णय ठरतो तो दुसऱ्याच गोष्टीवर. मार्जिनची रक्कम बँक कर्ज म्हणून देत नाही. ती आपली असावी लागते. ती नसली की लोक काय करतात? पर्सनल लोन काढतात, किंवा क्रेडिट कार्डावर. त्याचा व्याजदर गृहकर्जाच्या बराच वर असतो, मुदत तीन-चार-पाच वर्षांची, आणि त्याचा हप्ता गृहकर्जाची पात्रता मोजताना तुमच्या पगारातून वजा होतो. मंजूर होणारं कर्ज कमी होतं आणि मार्जिन आणखी वाढतं. त्यामुळे पर्सनल लोन किंवा पीपीएफ असा पर्याय समोर असेल, तर डोळे झाकून पीपीएफ. पीपीएफ किंवा घर एक वर्ष पुढे ढकलणं असा पर्याय असेल, तर मात्र विचार करायला जागा आहे, आणि तो विचार तुम्ही दोघांनीच करायचा. भाडं किती भरताय, नोकरी कुठे स्थिर आहे, मुलाची शाळा कुठे, हे मला माहीत नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे.

आता तुमचे आकडे जुळवून बघू. कराराच्या वेळी एकदम लागतील ते: मार्जिन १४ लाख ४० हजार, त्यावरचा जीएसटी ७२ हजार, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी ५ लाख ३४ हजार. एकूण २० लाख ४६ हजार. उरलेला २ लाख ८८ हजार जीएसटी बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे, बँक जसे हप्ते सोडेल तसा जातो.

हे मार्जिन एकदम का द्यावं लागतं, असं लोक विचारतात. कारण बँक आधी तुमचे पैसे लागलेले बघते, मग आपले सोडते. महारेराच्या (रेरा कायद्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण) नमुना करारात करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत आणि जोतं पूर्ण झाल्यावर एकूण ४५ टक्क्यांपर्यंत अशी चढती मर्यादा आहे, तेव्हा बिल्डरची पहिली मोठी मागणी तुमचं २० टक्के मार्जिन सहज खाऊन टाकते.

एफडी ८ लाखांची आहे, पण ती पूर्ण मोडू नका. साडेसात टक्के आणि २० वर्षं धरली, तर पूर्ण कर्जाचा हप्ता साधारण ४६,४०० येतो. सहा हप्ते म्हणजे पावणेतीन लाखांच्या वर. ३ लाख बाजूला ठेवा आणि ते नाहीतच असं समजा. राहिले ५ लाख. त्यात पीपीएफचे १० लाख ३१ हजार मिळवले की १५ लाख ३१ हजार. कमी पडतात ५ लाख १५ हजार.

इथे ईपीएफ येतो. तो मी शेवटी ठेवते, याची दोन कारणं. एक, त्याचा दर जास्त आहे. २०२४-२५ साठी ८.२५ टक्के. दुसरं कारण असं, की म्हातारपणासाठी बाजूला पडणारा आणि आपोआप पडणारा बहुतेकांचा तो एकच पैसा असतो. पीपीएफ भरायला दरवर्षी मन करावं लागतं, ईपीएफ पगारातून कापला जातो. जो पैसा मनाविरुद्ध साठतो तो मोडायची सवय लागू नये, असं माझं मत. पण तुमच्या बाबतीत पाच लाख त्यातून घ्यावे लागतील, आणि घरासाठी ते घेता येतात. ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पैसे काढण्याच्या तेरा वेगवेगळ्या तरतुदी एकत्र करून अत्यावश्यक गरजा, घर आणि विशेष परिस्थिती असे तीन गट करायचं ठरवलं. किमान १२ महिन्यांची नोकरी पुरेशी आणि २५ टक्के रक्कम खात्यात कायम ठेवायची, असं त्याचं स्वरूप आहे. ९ लाखांचे ७५ टक्के म्हणजे पावणेसात लाख, त्यात तुमचे ५ लाख १५ हजार बसतात. तरी बातमीवर विसंबू नका. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर तुमच्या नावापुढे जी पात्र रक्कम दिसेल ती खरी. तुमची सलग नोकरी पाच वर्षांच्या वर असेल आणि जुन्या कंपनीचा पीएफ नव्या खात्यात वर्ग झालेला असेल, तर या रकमेवर कर नाही.

उरलेला २ लाख ८८ हजार जीएसटी पगारातून जमेल तसा भरा. अगदीच ओढाताण झाली, तर एप्रिल २०२७ मध्ये पीपीएफमधून तिसऱ्यांदा काढता येईल. तेव्हा मात्र मागच्या वर्षअखेरची शिल्लकच कमी भरेल, साधारण ८ लाख ४० हजार, आणि मिळतील फार तर सव्वाचार लाख. मी ते टाळा म्हणेन. तुमच्या खात्याची मुदत ३१ मार्च २०३१ ला भरतेय. तोवर उरलेल्यांना शांत वाढू द्या.

काढण्याची तारीखही महत्त्वाची. पीपीएफवरचं व्याज दर महिन्याच्या ५ तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिल्लकीवर धरतात. २८ मार्चला पैसे काढले तर ते २८ दिवस खात्यात पडून असूनही त्या रकमेला मार्चचं व्याज मिळत नाही. तेच पैसे १ मार्चला काढले तरी व्याज तेवढंच जातं. म्हणून दोन गोष्टी: पैसे महिन्याच्या मध्यात किंवा शेवटी लागणार असतील, तर महिन्याच्या सुरुवातीलाच काढून घ्या आणि बचत खात्यात ठेवा, नाहीतरी त्या महिन्याचं व्याज गेलेलंच आहे. आणि पैसे पुढच्या महिन्याच्या २-३ तारखेला चालणार असतील, तर महिनाअखेरीस काढू नका, १ तारखेपर्यंत थांबा. तुमच्या एप्रिलच्या ५ लाख ५९ हजारांवर एका महिन्याचं व्याज ३३०० रुपये होतं. पाण्यात का घालायचे?

यंदाचं आणि पुढच्या वर्षाचं भरणं बंद करू नका, निदान ५०० रुपये तरी भरा. एखाद्या वर्षी तेवढेही नाही भरले तर खातं बंद पडलेलं धरतात आणि त्यातून कर्जही मिळत नाही की रक्कमही काढता येत नाही. मागच्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड भरून ते चालू करता येतं, पण घराच्या गडबडीत हे निस्तरायला लागलं की डोकं फिरतं.

तसंच कागदांचं. फॉर्म २ भरायचा असतो. जुन्या मंडळींना अजून फॉर्म सी आठवतो. बँकेत खातं असेल तर काही ठिकाणी नेट बँकिंगवरूनच काम होतं. पोस्टात असेल तर पासबुक अद्ययावत करून घेऊन जा, आणि सही तपासून घ्या. दहा वर्षांपूर्वीची सही आणि आताची सही जुळत नाही म्हणून काउंटरवरून परत आलेले लोक मी दर मार्चमध्ये बघते, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिथे कुणाला बोलायलाही वेळ नसतो. खातं गावाकडच्या शाखेत असेल, तर आजच चौकशी करा. ईपीएफचंही तेच: दोन यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) असतील, नावात एक अक्षर वेगळं असेल, जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर अर्ज अडकतो. घर पसंत पडल्यावर नाही, घर बघायला लागल्यावरच हे तपासायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. आधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी आणि त्याची अंतिम तारीख बघा. वकिलाकडून कागद तपासून घ्या. बँकेचं मंजुरीपत्र हातात येऊ द्या, आणि त्या प्रकल्पाला बँकेची मान्यता आहे का तेही विचारा. मगच पीपीएफला हात लावा. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, त्यांनी डिसेंबरमध्ये उत्साहाच्या भरात पीपीएफमधून ५ लाख काढून ठेवले होते. फेब्रुवारीत वकिलाने जमिनीच्या मालकीच्या कागदात खोट काढली आणि व्यवहार मोडला. पैसे सुखरूप होते, पण परत भरायला जागा होती दीड लाखाची, त्यातलेही ५० हजार त्यांनी आधीच भरलेले. उरलेले चार लाख एफडीत गेले, आणि त्या एफडीच्या व्याजावर आता दरवर्षी कर जातो. दोन महिने थांबले असते तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं.

टीडीएसबद्दल (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) विचारलं नाहीत, पण सांगते. किंमत ५० लाखांच्या वर आहे म्हणून बिल्डरला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्हाला कापायचा आहे. हा वरखर्च नाही, तो किमतीतलाच भाग. पण ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत सरकारकडे भरला नाही, तर दंड तुम्हाला पडतो. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनी आपापल्या वाट्याचा वेगळा भरायचा.

दोघांच्या नावावर की फक्त बायकोच्या? घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तुमच्या घराला ७२ हजार रुपये. जोडीने घेतलं तर ती मिळत नाही. फक्त ७२ हजारांसाठी नावाचा निर्णय घेऊ नका, कारण कर्जाच्या व्याजाची वजावट मालक असलेल्यालाच मिळते, आणि तुम्ही जुन्या प्रणालीत असाल तर काही वर्षांत त्याहून जास्त गमवाल. दोघंही नव्या प्रणालीत असाल, तर हा मुद्दा उरत नाही. मग घरात बसून ठरवा.

राहिलं बायकोचं पीपीएफ. २०२१-२२ मध्ये उघडलेल्या खात्यातून रक्कम काढण्याची सोय १ एप्रिल २०२७ नंतरच होईल. तोवर कर्ज मिळू शकतं, पण तेही दोन वर्षांमागच्या अखेरच्या शिल्लकीच्या २५ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे यंदा काढलं तर ३१ मार्च २०२४ च्या शिल्लकीच्या. व्याज नाममात्र आहे, मुद्दल ३६ महिन्यांत फेडलं तर १ टक्का. उशीर झाला तर ६ टक्के. त्या खात्यात तेव्हा ३ लाख असतील तर हातात ७५ हजार येतील. फर्निचरच्या वेळी कमी पडले तर तेव्हा बघा. डाउन पेमेंटसाठी त्या खात्याला हात लावायची गरज नाही.